तहानलेल्यांचा पाद्री

फार वर्षांपूर्वीचं सांगतो. नेमकं किती वर्षांपूर्वीचं ते विचारू नका, कारण ज्याला विचाराल तो आपल्या आज्याच्या आज्याकडे बोट दाखवतो, आणि तो आजा काही आता सापडायचा नाही. तेव्हा या किनाऱ्यावर फिरंग्याचं राज्य होतं एवढं नक्की. कोटाच्या आत ख्रिस्ती देवळांना तोटा नव्हता. एकाची घंटा थांबली की दुसऱ्याची सुरू व्हायची, आणि रस्त्यात पाय टाकावा तर कुणा पाद्र्याच्या झग्यावर पडेल अशी गर्दी. राजा ख्रिस्ती, कायदा ख्रिस्ती, बाजाराचे दिवससुद्धा संतांच्या सणांवरून ठरलेले. पण कोटापासून होडीनं दिवसभराच्या वाटेवर, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे, तिवरखार नावाचं गाव होतं. त्या गावाकडे दोन पिढ्या एकही पाद्री फिरकला नव्हता.

तिवरखारची माणसं मिठागरावर राबायची. भरतीचं पाणी झडपेतून आत घ्यायचं, वाफ्यांत कोंडायचं, उन्हाला द्यायचं आणि मीठ धरलं की फावड्यानं ओढून राशी घालायच्या. चारी बाजूंना पाणी आणि प्यायला थेंब नाही, असं ते गाव. पूर्वी एक गोडं तळं होतं म्हणे, पण एका तुफानात बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं आणि तळं कायमचं नासलं. तेव्हापासून पिण्याचं पाणी पलीकडच्या काठावरून होडीत घागरी भरून आणावं लागे. पोरांनी जास्तीचा घोट घेतला तरी आया डोळे वटारायच्या.

आधीचा पाद्री होता तो तापानं गेला. त्यानंच तिथल्या म्हाताऱ्या पिढीला बाप्तिस्मा दिला होता आणि गावाबाहेर, खाडीच्या तोंडाशी असलेल्या उंचवट्यावर लाकडी क्रूस उभा केला होता. तिथेच गाव आपली माणसं पुरायचं. त्या जागेला कुरुसाचं टेकाड म्हणत. मरताना पाद्र्यानं त्याची झोपडी झाडणाऱ्या पास्कोल नावाच्या पोरीला जवळ बोलावलं आणि सांगितलं, "दुसरा कोणी येईपर्यंत पोरांना बाप्तिस्मा तू दे. पाद्री नसेल तेव्हा कोणीही दिला तरी देवाला चालतो. मी कसा देतो ते तू पाहिलं आहेस." पास्कोलनं मान हलवली. तिनं खरंच पाहिलं होतं. पाद्री पोराच्या जिभेवर चिमूटभर मीठ ठेवायचा, मग डोक्यावर पाणी ओतायचा आणि बापाचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव घ्यायचा.

पुढे एक उन्हाळा असा आला की पलीकडच्या काठावरच्या विहिरीही आटल्या. त्या उन्हाळ्यात एक पोर जन्मलं. पास्कोलनं त्याच्या जिभेवर मीठ ठेवलं, तिन्ही नावं घेतली आणि घागरीकडे पाहिलं. घागरीच्या बुडाशी घोटभर पाणी होतं आणि पोराची आई तापानं फणफणत होती. पास्कोलनं ते पाणी आईला पाजलं. मी असतो तरी तेच केलं असतं, आणि तुम्हीसुद्धा.

ते पोर जगलं, वाढलं, धडधाकट झालं. पुढच्या खेपेला पास्कोलनं पुन्हा नुसतं मीठ दिलं. त्याच्या पुढच्या खेपेलाही. आता तुम्ही म्हणाल, पावसाळ्यात तर आभाळातून घागरी ओतल्या जात असतील, तेव्हा चार थेंब डोक्यावर टाकायला काय धाड भरली होती? बरोबर आहे तुमचं. पण सवय लागली की कोण विचार करतो? शिवाय मीठ त्यांचं स्वतःचं होतं, स्वतःच्या घामाचं. देवाच्या कामाला आपलं मीठ लागतं याचा त्या गावाला अभिमान होता. हळूहळू पाणी विसरलं गेलं. पास्कोल म्हातारी झाली आणि जिच्या-जिच्या जिभेवर तिनं मीठ ठेवलं त्या पोरी आज्या झाल्या, काही मेल्याही.

आणि मग ते सुरू झालं.

ओहोटी लागली की कुरुसाच्या टेकाडाखालच्या चिखलात पावलं उमटलेली दिसत. कुणी तिकडे गेलेलं नसायचं तरी दिसत. काही मोठी, काही इतकी लहान की तळहातावर मावतील. ती पावलं गावाच्या दिशेनं येत आणि घरांच्या मागच्या भिंतीपाशी संपत. सकाळी बायका उठून बघत तर घागरीतलं पाणी बोटभर उतरलेलं आणि घागरीच्या काठाला पांढरं मीठ धरलेलं. भरतीत बुडणाऱ्या आणि ओहोटीला सुकणाऱ्या खाजणातून एक आवाज यायचा, च्यक् च्यक् असा, घसा कोरडा पडल्यावर माणूस टाळूला जीभ लावतो ना, तसा. एक आवाज आला की दुसरीकडून यायचा, मग चहूकडून. नवा माणूस विचारायचा, हे काय? गाव म्हणायचं, मीठ तडकतंय उन्हानं. ऊन नसलं तरी हेच म्हणायचं. पावसाळ्यात मात्र आवाज बंद असायचा आणि पावलंही दिसत नसत.

तिवरखारनं यावर एक उपाय काढला. प्रत्येक घागरीच्या झाकणावर दगड ठेवला. त्याबद्दल कोणी कोणाशी बोललं नाही.

अशा गावात एका उपासाच्या महिन्यात, ईस्टरच्या आधी, पाद्री दियोग येऊन उतरला. हा गोव्याकडचा होता, आपल्याच रंगाचा, उंच, किडकिडीत आणि बोलण्यात दक्षिणेकडचा हेल. कोटातल्या पाद्र्यांना खाजणातला चिखल आणि ताप नको असे, म्हणून हा आपण होऊन निघाला होता. तो अनवाणी चालायचा. बायका मीठ ओढायच्या तेव्हा हा बांधावर बसून त्यांना 'आमच्या बापा' ही प्रार्थना शिकवायचा, त्यांच्या फावड्याच्या तालावर. आजाऱ्याच्या उशाशी बसायचा, भांडणं मिटवायचा, आणि पोरांना छातीवर हातानं क्रूस करायला शिकवताना त्यांचा हात चुकला तर पोरांच्या आधी स्वतःच हसायचा. गावाला तो आवडला. इतक्या वर्षांनी देवाला आपली आठवण झाली म्हणून म्हाताऱ्या रडल्या.

तो आल्यावर काही दिवसांतच होडीवाल्या गासपारच्या बायकोला, कोंसूला, मुलगा झाला. पोर अशक्त होतं, दूधही धड ओढत नव्हतं. कोंसूची पहिली मुलगी मदलेन मागच्या वर्षी याच दिवसांत गेली होती, चालायला लागली आणि गेली, त्यामुळे कोंसू आधीच धास्तावलेली. गाव तिच्या अंगणात जमलं. पास्कोल म्हातारी पाद्र्याला म्हणाली, "पाद्रीबाबा, आज तुमी नुसतं बगा. मी कशी करते ती बगा आनि मग मला सांगा, तुमच्या त्या पाद्र्यानं मला बराबर शिकवलं का नाय."

म्हातारीनं पोराच्या जिभेवर मीठ ठेवलं, तिन्ही नावं घेतली आणि पदराला हात पुसले. "झालं," ती म्हणाली. चेहरा कसा उजळला होता.

पाद्री दियोगनं तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, "आणि पाणी?"

"पानी कशाला?" म्हातारी म्हणाली. "आमाला प्यायला नाय, तितं डोक्यावर कोन ओतनार?"

"कधीच ओतलं नाही? कोणाच्याच डोक्यावर?"

"नाय. नुसतं मीठ. आमचं हाय ना मीठ."

इथे पाद्र्यानं चूक केली. तो खरं बोलला, आणि सगळ्यांच्या देखत बोलला. "मग हा बाप्तिस्माच नव्हे," तो म्हणाला. "पाण्याशिवाय बाप्तिस्मा होत नाही. तुमच्यातल्या कोणाचाच झालेला नाही." आणि लगेच त्यानं आपली पितळी लोटी पुढे केली. "आण ते बाळ. आत्ता देतो. तुम्हा सगळ्यांना देतो, एकेकानं पुढे या."

कोंसूनं पोर छातीशी धरलं. "मग माजी मदलेन?"

पाद्र्यानं लोटी खाली घेतली.

"तिला बी म्हातारीनं मीठच दिलं व्हतं. ती कुटं हाय?"

"मेलेल्या माणसाला बाप्तिस्मा देता येत नाही, बाय," पाद्री हळूच म्हणाला. "तसा नियम आहे. मदलेनला देवाच्या हवाली करायचं. पण हे बाळ जिवंत आहे, ह्याला आपण वाचवू शकतो."

"म्हंजे हा देवाच्या घरी जानार आनि ती भायेर ऱ्हानार?" कोंसू म्हणाली. "माजी दोन पोरं, आनि दोगं दोन ठिकानी? कायमची? नको मला तुमचं पानी. ऱ्हातील तर दोगं एका ठिकानी ऱ्हातील."

ती पोर घेऊन आत गेली आणि तिनं दार लावलं. मग एकेक माणूस उठलं. कुणाची आई टेकाडावर होती, कुणाचा बाप, कुणाची तान्ही पोरं. पाद्र्याच्या लोटीपुढे एकानंही डोकं वाकवलं नाही. पास्कोल म्हातारी तिथेच बसून राहिली, पदरातल्या मिठाच्या पुरचुंडीकडे बघत. तिला कोणी एक शब्द बोललं नाही, पण कोणी हात धरून उठवलंही नाही.

पाद्री रोज कोंसूच्या दारात जायचा. रोज तेच मागायचा आणि कोंसू रोज तेच सांगायची. पोर आणखी वाळत चाललं होतं. रडायचं तेव्हा आवाज येत नसे, नुसतं तोंड उघडायचं. ते असंच गेलं तर आपल्यामुळे गेलं, हे पाद्र्याला ठाऊक होतं. त्याला जेवण गोड लागेना.

एके दिवशी तिन्हीसांजेला तो बांधावर प्रार्थना करत बसला होता. ओहोटी होती. शेजारी त्यानं लोटी ठेवली होती, भरलेली. डोळे मिटलेले असताना त्याला जवळच आवाज आला, च्यक् च्यक्. मग मागून आला. मग अगदी गुडघ्यापाशी, खालून, जसा लहान पोराच्या तोंडाच्या उंचीवरून येईल तसा. त्यानं डोळे उघडले. कोणी नव्हतं. लोटी कोरडी होती, तिच्या काठाला मीठ धरलं होतं, आणि चिखलात त्याच्याभोवती सगळीकडे पावलं होती. तो बसला होता तेवढीच जागा मोकळी होती, असं म्हणतात.

तो तसाच उठून गासपारकडे गेला. "घागरींवर दगड का ठेवता?" त्यानं विचारलं.

"कावले येतात," गासपार म्हणाला. पाद्री त्याच्याकडे बघत राहिला, तेव्हा गासपारनं मान खाली घातली. "तुमी तं समदं वलखलं, पाद्रीबाबा. आमी तरी काय करनार? जितं आमालाच पुरत नाय तितं त्यांना कुटून देऊ?"

"त्या मेलेल्यांना माझ्यापेक्षा आधी कळलं होतं," पाद्री म्हणाला. "जिभेवर मीठ ठेवलं आणि पाणी दिलंच नाही. माणूस तहानेल नाही तर काय?"

त्या आठवड्यात पाद्री आपल्या वाट्याचं पाणी प्यायलाच नाही, असं म्हणतात. नुसते ओठ ओले करायचा आणि बाकीचं एका घागरीत साठवायचा. पुनवेच्या दिवशी पहाटे तो कोंसूच्या दारात उभा राहिला. घागर खांद्यावर होती आणि हातात करवंटीचा डाव.

"कोंसू, मी नियम मोडू शकत नाही," तो म्हणाला. "मेलेल्याच्या डोक्यावर मला पाणी घालता येणार नाही. पण तहानलेल्याला पाणी पाजायचं तर त्याला कोणाची परवानगी लागत नाही. ते तर आमच्या धन्यानं स्वतः सांगून ठेवलंय. मी मदलेनला पाणी पाजून येतो. तिच्याबरोबर जो कोणी तहानलेला असेल त्यालाही पाजतो. मग तरी हे बाळ देशील?"

कोंसूनं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "तिची तहान भागली तं देईन."

"पण पाणी नुसतं ओतून कुणाला पोचणार?" पाद्री म्हणाला. "मला नावं ठाऊक नाहीत. नावं तुम्ही घ्या."

ओहोटी पुरती लागली होती. पाद्री एकटा खाजणातून चालत कुरुसाच्या टेकाडावर गेला. पुनवेला इथे पहाटे ओहोटी असते आणि दुपारी बाराच्या सुमाराला उधाणाची भरती, हे तुम्हाला खाडीकाठचं कोणीही सांगेल. त्या दिवशी टेकाडसुद्धा पाण्याखाली जातं. हे पाद्र्याला गासपारनं बजावून सांगितलं होतं. पाद्री म्हणाला, "त्याच्या आत संपेल."

गाव मोठ्या बांधावर उभं राहिलं, हाक पोचेल इतक्या अंतरावर. पुढे जायची कोणाची छाती झाली नाही. खाजणात आवाज सुरू झाला होता. पाद्र्यानं डाव बुडवला आणि वाट पाहिली. कोणीच तोंड उघडेना. तेव्हा पास्कोल म्हातारी काठी टेकत पुढे आली. ज्या-ज्या जिभेवर तिनं मीठ ठेवलं होतं ती प्रत्येक तिला आठवत होती. तिनं पहिलं नाव घेतलं, त्या जुन्या उन्हाळ्यात जन्मलेल्या पोराचं, जे मोठं होऊन, नातवंडं बघून मेलं होतं. "जुवांव!"

पाद्री वाकला. म्हाताऱ्या माणसाला पाजायला वाकावं तसा थोडासा वाकला आणि डाव रिता केला. बांधावरून सगळ्यांनी पाहिलं, पाणी खाली पडलं नाही.

"शिमाव!" म्हातारीनं हाक दिली. "नातालीण! आंतोन!" मग बाकीच्यांनाही कंठ फुटला. कोणी आईला हाक मारली, कोणी भावाला. एक नाव झालं की पाद्री वाकायचा. कधी कमरेत वाकायचा, कधी गुडघ्यावर बसायचा, आणि तान्ह्या पोराचं नाव आलं की जमिनीशी इतका टेकायचा की त्याचं कपाळ चिखलाला लागे. ज्याचं नाव झालं त्याचा आवाज थांबायचा. चहूकडचा तो च्यक् च्यक् कमी कमी होत गेला, आणि लोकांना नावं आठवत गेली, एकातून दुसरं. दोन पिढ्यांची माणसं ती. कोंसूनं दोनदा तोंड उघडलं, पण प्रत्येक वेळी कोणीतरी म्हातारं मध्येच आपल्या माणसाला हाक मारायचं आणि ती थांबायची. वडीलधाऱ्यांच्या आधी आपलं लेकरू कसं पुढे करावं?

घागर रिकामी झाली नाही. कशी झाली नाही ते मला माहीत नाही. झाली नाही, असं म्हणतात.

सूर्य वर आला आणि भरती लागली. आधी खाजणातली वाट बुडाली. मग टेकाडाच्या कडा बुडाल्या. लोक ओरडायला लागले, "पाद्रीबाबा, पानी आलं! या मागं!" पाद्र्यानं हात वर करून खूण केली, नावं घ्या. लोक गप्प झाले. आता प्रत्येकाच्या मनात एकच चाललं होतं. नाव घ्यावं तर हा तिथंच राहणार, आणि न घ्यावं तर आपलं माणूस कायमचं तहानलेलं राहणार. कोणी घेतलं, कोणी रडत घेतलं. कोणी एकानं नाही घेतलं तर शेजाऱ्यानं त्याच्यासाठी घेतलं.

गासपारनं होडी लोटली. तो पट्टीचा होडीवाला होता, उधाणातसुद्धा डोळे मिटून जाणारा. पण टेकाडापासून थोड्या अंतरावर त्याची वल्ही अडली. पाणी खोल होतं, खाली चिखल लागत नव्हता, तरी वल्हं हलेना. गासपारनं पुढे सगळ्या जन्मात याबद्दल एकच वाक्य सांगितलं. तो म्हणाला, "पान्यात दाटी व्हती." वारा नव्हता तरी पाद्र्याच्या भोवती पाणी हलत होतं, आणि तिथून घोट घेतल्याचे आवाज येत होते. पाद्र्यानं त्याला हातानं मागं जायला सांगितलं. होडी आपोआप मागे आली.

पाणी पाद्र्याच्या छातीला लागलं तेव्हा नावं संपली. खाजणात आता एकच आवाज राहिला होता, बारीक, दम खात येणारा.

सगळं गाव कोंसूकडे वळलं. तिच्या कडेवर ते पोर होतं, डोळे अर्धे मिटलेलं. पाद्रीही तिच्याकडेच बघत होता. घागर त्यानं डोक्यावर घेतली होती. अजून वेळ होता. तो चांगला पोहणारा होता, गोव्याचा माणूस तो. आत्ता निघाला असता तर बांधाला लागला असता. कोंसूला हे दिसत होतं. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. जिच्यासाठी तिनं हे सगळं मांडलं होतं, वर्षभर जिच्यासाठी ती झुरली होती, तिचं नाव तिच्या ओठांवर होतं. तिनं ते घेतलं नाही. तिनं नको म्हणून मान हलवली आणि हातानं खूण केली, या, मागं या.

तिच्या या मानेचा मला नेहमी विचार पडतो. आईनं अशी मान हलवायची म्हणजे काय झालं असेल आत!

पाद्री दियोग हसला, असं म्हणतात. पोरांचा क्रूस चुकल्यावर हसायचा तसा. मग त्यानं स्वतःच हाक मारली. "मदलेन!" अगदी सावकाश, त्याच्या त्या दक्षिणेकडच्या हेलात. डाव भरला आणि खाली वाकला. पोर लहान होतं, चालायला लागलेलं, त्याला खूप वाकावं लागलं. पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं.

तो आवाज थांबला. खाजणात इतकी शांतता झाली की पलीकडच्या काठावरचा कुत्रा ऐकू आला.

कोंसू ओरडली नाही. ती वळली आणि घराकडे चालत गेली. तिनं घागरीवरचा दगड उचलून अंगणात फेकला. पोराच्या जिभेवर मीठ ठेवलं, मग ओंजळीनं पाणी घेऊन त्याच्या डोक्यावर ओतलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि तिन्ही नावं घेतली. पाणी डोक्यावर पडताच पोरानं टाहो फोडला. जन्मल्यापासून त्याचा आवाज असा कधी निघालाच नव्हता. त्याचं नाव तिनं दियोग ठेवलं. मग गाव तिच्या दारात रांग लावून उभं राहिलं, पास्कोल म्हातारी सगळ्यांच्या शेवटी. म्हातारीचा बाप्तिस्मा जुन्या पाद्र्यानं पाण्यानंच केलेला होता, तिला गरज नव्हती. तरी कोंसूनं तिच्या डोक्यावरून ओला हात फिरवला आणि तिला आपल्या पडवीत बसवून भाकर वाढली.

संध्याकाळी पाणी उतरल्यावर पुरुष टेकाडावर गेले. पाद्र्याचा देह मिळाला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. घागर क्रूसाच्या पायाशी सरळ उभी होती, तळाशी पाणी असलेली. गासपारनं चाखून पाहिलं. दुपारभर उधाणाखाली राहिलेलं ते पाणी गोड होतं. चिखल स्वच्छ होता, त्यावर कुठेही पाऊल नव्हतं.

तिवरखार अजून आहे. मिठागर आता थोडं उरलंय, नळही आलाय, आणि पाद्री दर रविवारी फटफटीवर येतो. पण ईस्टरच्या आधीच्या पुनवेला पहाटे सगळं गाव बांधावर जमतं, मुंबईला नोकरी करणारेसुद्धा. त्या जुन्या तहानलेल्या माणसांची नावं घराघरानं वाटून घेतलेली आहेत, बापाकडून मुलाकडे आलेली. ही माणसं कोण होती, कशी दिसत होती, हे आता कोणाला माहीत नाही, नुसती नावं आहेत. एकेक नाव हाकारायचं आणि टेकाडावर जाऊन एकेक डाव पाणी सोडायचं. त्यानंतर जन्मलेल्यांची नावं घेत नाहीत, त्यांना पाणी मिळालेलं आहे. पाद्री दियोगचं नावही घेत नाहीत.

मदलेनचं नाव मात्र तिवरखारात कोणीच घ्यायचं नाही, असा दंडक आहे. बाकीची नावं संपली की कोंसूच्या घरातली एक बाई एकटी टेकाडावर जाते, ओंजळीत पाणी धरते आणि उभी राहते. तोवर भरती लागलेली असते. कोणी बोलत नाही. कधी पाणी तिच्या घोट्याला लागेपर्यंत थांबावं लागतं, कधी कमरेला. मग खाडीकडून ते नाव येतं. पुरुषाचा आवाज असतो, सावकाश, दक्षिणेकडच्या हेलाचा, असं म्हणतात.

मी त्या घरातल्या एका बाईला एकदा विचारलं, नाव आलंच नाही तर गं? ती म्हणाली, "येतं. उशीर करतो कदी कदी, पन येतं." आणि तिनं मला तिच्या कमरेवरचा वळ दाखवला. टेकाडावर जाणाऱ्या बाईच्या कमरेला जाड दोर बांधलेला असतो. त्याचं दुसरं टोक बांधावर सगळ्या गावाच्या हातात असतं, पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत. नाव ऐकू आलं की ती खाली वाकून ओंजळ उघडते आणि गाव दोर ओढायला लागतं. ती बांधावर येऊन उभी राहीपर्यंत कोणी हात सोडत नाही.